झाकणवाला कोळी: बघा, पण उकरू नका

सातारा-सांगलीच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या वाटेवर, शेवाळलेल्या दरडीकडे आपण कधी नीट बघतो का? तिथे नाण्याएवढं गोल झाकण असू शकतं. माती आणि रेशमाचं, एका बाजूला चक्क बिजागरी! दिवसा ते मातीत मिसळून जातं. अंधारात आतला कोळी झाकण जरासं उचलून बसतो. किडा जवळ आला की झडप.

अमेरिकेत हौशी लोक असे कोळी बरणीत पाळतात. आम्ही म्हणतो, आपल्याकडे हा नाद नकोच. मादी बहुधा एकाच बिळात आयुष्य काढते. ऑस्ट्रेलियातली एक तर ४३ वर्षे जगली. उकरलेल्या मादीला नवं बीळ जमेलच असं नाही. पिल्लंही आईच्या आसपासच राहतात, त्यामुळे मुरुमासाठी जेसीबीने एक दरड कापली की अख्खी वस्ती जाते.