जुनें दप्तर, नवा दप्तरदार

१९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. तासगांव, खानापूर, वाळवा हे तालुके दक्षिण साताऱ्याकडे गेले आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूखही त्यास येऊन मिळाला. पुढें १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव देण्यांत आलें. या दोन घटना वरवर सारख्या वाटतात. परंतु दप्तराच्या दृष्टीनें त्यांत महदंतर आहे. १९६० सालीं कागदांचा केवळ शिरनामा बदलला. १९४९ सालीं मात्र कोणत्या गांवाचें दप्तर कोणत्या कचेरीनें सांभाळावयाचें, हेंच नव्यानें ठरलें. संगणकावरील दप्तराची आवृत्ति बदलतांनाही नेमका हाच भेद ध्यानांत ठेवावा लागतो.

पतपेढी, वाचनालय, रुग्णालय यांच्या नोंदवह्या आतां संगणकावर असतात. अनेक टेबलांवरून ज्या एका संगणकाकडे विचारणा होते, त्यास सर्व्हर म्हणतात. त्याचा मूळ कारभार पाहणारी प्रणाली लिनक्स, आणि नोंदी लावून ठेवून मागतांक्षणीं काढून देणारा त्यावरील दप्तरदार म्हणजे डेटाबेस. पोस्टग्रेस हा अशा दप्तरदारांपैकीं एक नामांकित. कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत १९८६ सालीं त्याचें काम सुरू झालें. आज तो कोणासही विनामूल्य मिळतो. त्याच्या आवृत्तीस १७.२ असा दुहेरी आंकडा असतो. दुसरा आंकडा वाढला तर ती १९६० ची गोष्ट समजावी: दुरुस्त केलेला कार्यक्रम बसवावा, दप्तरदारास थांबवून पुन्हां कामास लावावें, संपलें. पहिला आंकडा वाढला तर ती १९४९ ची गोष्ट. नव्या दप्तरदाराची कागद बांधण्याची रीतच निराळी असते. जुन्याचे रुमाल त्यास सोडवतां येत नाहींत.

मग चालतें आहे तें कशास हलवावें, असें पुष्कळांस वाटतें, आणि तें वाटणें अगदींच गैर नाहीं. परंतु पोस्टग्रेसचे कर्ते प्रत्येक मुख्य आवृत्तीची डागडुजी पांच वर्षेंच करतात. २०२० सालच्या १३ व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्यें संपली. त्यापुढें तींत एखादी चोरवाट सांपडली तर कर्त्यांकडून ती बुजविली जाणार नाहीं. स्वतःच्या घरापुरता प्रश्न असता तर गोष्ट निराळी. येथें ठेवी दुसऱ्यांच्या असतात.

तथापि पहिलें काम नवें बसविण्याचें नव्हे, जुन्याची प्रत काढण्याचें. ती त्याच इमारतींत ठेवणें हें न ठेवण्यासारखेंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. तळमजल्यावरील कपाट लोखंडी असो वा सागवानी, पाण्यास दोन्ही सारखींच. एखाद्या पतपेढीची मुख्य कचेरी सांगलीस व शाखा साताऱ्यास आहे असें धरूं. प्रत साताऱ्यास धाडावी, आणि तेथील दुसऱ्या संगणकावर ती उघडून खातेदारांची संख्या व एकूण शिल्लक ताडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून भले भले फसले आहेत. प्रत काढणारा ‘पीजी-डंप’ हा कार्यक्रम नव्या आवृत्तींतला घ्यावा. नव्यास जुनें वाचतां येतें, जुन्यास नवें नाहीं. शिवाय कोणत्या कारकुनास कोणती किल्ली दिली आहे, ती यादी या प्रतींत येत नाहीं. ती ‘पीजी-डंपऑल’नें वेगळी काढावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

डेबियन व उबुंटू या जातींच्या लिनक्सवर नवी आवृत्ति जुनीच्या शेजारीं बसते. जुनी सामान्यतः ५४३२ क्रमांकाच्या दारावर, तर नवी बहुधा ५४३३ वर. नवशिका नवें दार उघडतो, आंत एकही खातेदार दिसत नाहीं, आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकते. वास्तविक कांहींच गेलेलें नसतें. नवा वाडा रिकामाच असावयाचा. या घाबरण्यांत जुनी आवृत्ति काढून टाकण्याची बुद्धि होते, ती मात्र खरी आपत्ति.

सामान नेण्याच्या वाटा मुख्यतः दोन. प्रतीवरून सर्व नोंदी नव्या घरांत पुन्हां लिहवून घ्याव्या, ही पहिली. ती धीमी आहे. दुसरी ‘पीजी-अपग्रेड’ची. तिनें मोठें दप्तरही थोडक्या वेळांत हलतें. आधीं ‘चेक’ म्हणून विचारलें तर कांहीं न हलवितां तो अडचणी सांगतो. त्याच्या ‘लिंक’ या प्रकारांत कागदांची नक्कल होतच नाहीं, तेच कागद दोघांच्या नांवें चढतात. म्हणून नवा एकदां कामास लागला कीं जुन्यास परत बोलावतां येत नाहीं.

सर्वांत छुपा धोका वर्णानुक्रमांत आहे. नांवांची सूचि लावतांना अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या भागास विचारतो. २०१८ सालीं निघालेल्या त्याच्या २.२८ आवृत्तींत हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेटाबेसबरोबर लिनक्सही नवें घेतलें, तर सूचि जुन्या क्रमानें लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमानें जाणारा, असा प्रकार होतो. शाळेच्या तक्त्यांत क्ष व ज्ञ शेवटीं बसतात. कित्येक कोशांत क्ष हा क च्या पोटांत सांपडतो. अशाच जातीचा फरक पडला असें समजा. मग क्षीरसागर आडनांवाचा खातेदार दप्तरांत जागच्या जागीं असूनही ‘नाहीं’ असें उत्तर येईल, आणि नाहीं म्हणून कारकून त्याचें दुसरें खातें उघडील. कोठें घंटा वाजत नाहीं, पडद्यावर सूचना उमटत नाहीं. पासबुक घेऊन खिडकीशीं उभ्या असलेल्या वृद्धासच काय तो घोटाळा कळतो. यास उपाय ‘रीइंडेक्स’ ही आज्ञा. तिनें सूची नव्यानें लागतात. पहिल्या वाटेनें सामान नेल्यास त्या आपोआपच नव्या होतात, म्हणून लहान संस्थांस ती धीमी वाटच अधिक मानवते.

हें काम सुटीच्या आदल्या रात्रीं, नव्या नोंदी घेणें बंद ठेवून करावें. चालू दप्तराची प्रत काढली आणि तिच्यानंतर दहा पावत्या फाटल्या, तर त्या दहा जुन्याच घरीं राहतात. सकाळीं शिल्लक जुळली, कांहीं अडचणीचीं आडनांवें मुद्दाम शोधून सांपडलीं, म्हणजे ५४३२ चें दार नव्यास द्यावें. जुनें दप्तर निदान पुढील महिन्याचा ताळेबंद जुळेपर्यंत बंद करून ठेवावें, आणि साताऱ्यास धाडावयाची प्रत त्या दिवसापासून नव्या दप्तराची काढावी.