घरात लहान मूल, दारात पिटबुल

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. माणसाच्या जिवाला धोका असल्याचे सांगून २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, असे त्यात म्हटले होते. यादीत पिटबुल टेरियर होता, रॉटवायलर होता, केन कोर्सोही होता. महिना उलटायच्या आत, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द ठरवले. संबंधितांशी आणि तज्ज्ञांशी पुरेशी चर्चा न करताच ते काढले गेले, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कोर्टात व्हायचे ते होईल. पण पिल्लू घरी आणायचे की नाही हे ठरवतात घरातली मोठी माणसे. आणि ते पिल्लू ज्यांच्यासोबत वाढणार असते, ती लहान मुले या निर्णयात नसतातच.

आमच्या उज्जैनमध्ये कुत्र्याविषयी मुळातच माया आहे. काळभैरवाचे वाहन म्हणून इथे कुत्र्याला पोळी घातली जाते. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांत दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री मुलांच्या ओळखीची असतात. ही माया चांगलीच आहे. पण दारातल्या कुत्र्याला पोळी घालणे वेगळे आणि झुंजीसाठी घडवलेल्या जातीचे पिल्लू तीन वर्षांच्या मुलासोबत वाढवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला मायेच्या जोडीने माहितीही लागते.

जुलै २०२२ मध्ये लखनौला एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या मानखुर्दमध्ये एका रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला. त्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. अशा प्रत्येक बातमीनंतर दोन गट पडतात. एक म्हणतो, ही जातच राक्षसी; दुसरा म्हणतो, दोष कुत्र्याचा नाही, मालकाचा. संशोधन काय सांगते ते पाहिले, तर दोन्ही गटांची अर्धीच बाजू खरी निघते.

नेमका कुठला कुत्रा?

पिटबुल ही एकच जात नाही. अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि अलीकडचा अमेरिकन बुली, या सगळ्यांना लोक सरसकट पिटबुल म्हणतात. यांचे मूळ इंग्लंडमध्ये. तिथे बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला, तेव्हा शौकीन कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले. बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई व चिवटपणा एकत्र यावा म्हणून दोघांचा संकर केला गेला. ही कुत्री पुढे अमेरिकेत गेली. तिथल्या युनायटेड केनल क्लबने १८९८ मध्ये अमेरिकन पिटबुल टेरियरची नोंद केली.

नुसते पाहून पिटबुल ओळखणे जाणकारांनाही जमत नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासात प्राणी-आश्रयगृहांतली १२० कुत्री तपासली गेली. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी किमान एकाने तरी ज्यांना पिटबुल म्हटले, अशी कुत्री ६२ होती. डीएनए चाचणीत मात्र २५ कुत्र्यांमध्येच त्या वंशाच्या खुणा सापडल्या. म्हणजे बातमीतला पिटबुल पिटबुल असेलच असे नाही, आणि विक्रेत्याने अस्सल म्हणून दिलेले पिल्लूही अस्सल असेलच असे नाही.

चावेल का?

एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिनॉर कार्लसन यांच्या गटाचा एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकीय आराखडे वाचले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो, असे त्यांना आढळले. कुत्रा किती चटकन चिडतो, याचा अंदाज तर जातीवरून जवळजवळ बांधताच येत नव्हता.

याच्या तीन वर्षे आधी इव्हन मॅक्लीन यांच्या गटाने १०१ जातींच्या १४ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली होती. जातींच्या सरासरी वागणुकीत फरक असतात आणि त्यांचा जनुकांशी ठळक संबंध असतो, असे तो अभ्यास सांगतो. हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोटे पाडत नाहीत. एक अभ्यास जातीच्या सरासरीबद्दल बोलतो, दुसरा एकेका कुत्र्याबद्दल. माणसांत पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते. म्हणून समोरची बाई समोरच्या पुरुषापेक्षा बुटकीच असेल, असे म्हणता येत नाही. कुत्र्याच्या जातीचेही तसेच आहे.

२००८ मध्ये डेबोरा डफी आणि जेम्स सर्पेल यांच्या गटाने मालकांच्या प्रश्नावल्यांवरून जातींची तुलना केली होती. माणसांवर गुरगुरण्यात आणि चावण्यात आघाडीवर निघाले डॅक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर ही लहानखुरी कुत्री. पिटबुल त्यांत नव्हता. अनोळखी कुत्र्यांवर गंभीर आक्रमण करणाऱ्यांत मात्र तो वरच्या रांगेत होता. झुंजीसाठी झालेल्या निवडीचा ठसा तिथे दिसतो.

तेव्हा ‘पिटबुल म्हणजे माणसाचा वैरी’ हे म्हणणे विज्ञानाला धरून नाही. पण घरात लहान मूल असेल, तर विचारायचा प्रश्न एवढाच नाही.

चावला तर?

डॅक्सहुंड चावला तर टाके पडतात. पिटबुल चावला आणि त्याने धरून ठेवले, तर मांस फाटते, हाड मोडते. त्याचा जबडा कुलूप लागल्यासारखा अडकतो, ही दंतकथा आहे. अशी कोणतीही रचना त्याच्या जबड्यात नाही. पण पकडलेले न सोडण्याची आणि वेदना झाली तरी मागे न हटण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासली गेली, हे खरे आहे. रुंद डोके, गालांचे जाड स्नायू आणि बसका बांधा यांमुळे त्या पकडीत जोर येतो.

अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेले मृत्यू अभ्यासले गेले. ज्या २३८ मृत्यूंत कुत्र्याचा प्रकार कळला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल किंवा रॉटवायलर प्रकारची कुत्री होती. प्रत्येक जातीची एकूण कुत्री किती हे ठाऊक नसल्याने यावरून जातीचा धोका मोजता येत नाही, अशी सूचना अभ्यासकांनीच दिली होती, आणि ती लक्षात ठेवायला हवी. पण ओहायो आणि व्हर्जिनियातल्या रुग्णालयांत चेहऱ्याला कुत्रा चावलेल्या रुग्णांच्या १५ वर्षांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जखमेच्या खोलीकडे बोट दाखवतो: चाव्यामागे होणारे नुकसान पिटबुल आणि मिश्र जातीच्या कुत्र्यांत सर्वाधिक आढळले.

आता मुलाचा विचार करा. चार वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १६ किलो. प्रौढ अमेरिकन पिटबुल टेरियर साधारण २७ किलोपर्यंत भरतो, मोठ्या बांध्याचे बुली त्याहून कितीतरी जास्त. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. म्हणूनच मोठ्यांना हातापायाला चावे होतात, तर लहानग्यांना डोक्याला, चेहऱ्याला आणि मानेला. स्वभाव गरीब असलेला कुत्राही आयुष्यात एखाद्या वेळी दचकतो, दुखावतो, वैतागतो. त्या एका क्षणाची किंमत किती, हे त्याचा बांधा ठरवतो.

मुलाला काय दिसते?

कुत्रा बहुधा आधी सांगतो आणि मग चावतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरका बघतो, मग गुरगुरतो. यातले मुलाला काहीच कळत नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या केर्स्टिन माइन्ट्स यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना कुत्र्यांची चित्रे दाखवली, तेव्हा दात विचकणारा कुत्रा अनेक मुलांना हसरा, आनंदी वाटला. दिसायला रुबाबदार व्हावा म्हणून पिटबुलचे कान कापतात. हा क्रूरपणा तर आहेच, शिवाय कुत्र्याच्या मनातले सांगणारी एक खूणही त्यामुळे पुसली जाते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या इलाना रायझनर यांनी २००७ मध्ये १११ मुलांना चावलेल्या १०३ कुत्र्यांच्या घटना तपासल्या. ओळखीच्या मुलांना कुत्रे सर्वाधिक चावले ते खाण्यावरून. दोन तृतीयांश कुत्री त्याआधी कुठल्याही मुलाला चावलेली नव्हती. निम्म्या कुत्र्यांत वागणुकीवर परिणाम करू शकेल असे एखादे दुखणे आढळले. ‘आमचा कधी कुठल्या मुलाला चावला नाही’ हे वाक्य किती कमी भरवशाचे आहे, ते यावरून कळते. पिटबुल पूर्वी मुले सांभाळायचा, असेही मोठ्या प्रेमाने सांगितले जाते. त्याला इतिहासात आधार सापडत नाही.

उज्जैनची गल्ली, माळव्याचा उन्हाळा

इथे आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, रस्त्यावरची कुत्री. फ्रीगंजमधून असो की जुन्या शहरातून, पट्टा धरून कुत्रा फिरवायला निघालात की दर वळणावर दुसरा कुत्रा भेटणारच. अनोळखी कुत्र्यावर धावून जाणे हीच पिटबुलची सर्वांत ठळक खोड. झुंज लागली की मधे आलेल्या हातालाही कुत्रा चावतो, मग तो हात मालकाचा असो वा त्याच्या मुलाचा. अशा कुत्र्याचा पट्टा मुलाच्या हाती कधीच देता कामा नये.

दुसरी, ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० अंशांच्या वर जातो. अमेरिकेतल्या आठ शहरांत नोंदलेल्या सुमारे ७० हजार चाव्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण, कडक उन्हाच्या आणि धुरकट हवेच्या दिवशी चावे वाढतात, असे त्यात दिसले. भर उन्हात गच्चीवर साखळीने बांधून ठेवलेला कुत्रा शांत राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पिल्लू येते कुठून, हेही पाहायला हवे. वयाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसे, मुले, आवाज, इतर कुत्री यांच्याशी जुळवून घ्यायला शिकते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे नोंदणी असावी लागते. आईपासून लवकर तोडलेले, पिंजऱ्यात वाढलेले, आईबापांचा स्वभाव ठाऊक नसलेले पिल्लू म्हणजे धोका विकत घेणे, मग जात कुठलीही असो.

मग निर्णय काय?

माझे मत स्पष्ट आहे. घरातले सर्वांत धाकटे मूल कुत्र्याची भाषा समजून घेऊन सांगितलेले पाळण्याइतके, म्हणजे निदान आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत पिटबुल आणू नये. तो दुष्ट असतो म्हणून हे सांगत नाही. चूक झाल्यास तिची भरपाई होत नाही, आणि ती भोगणारा निर्णयात नसतो, म्हणून सांगतो. कुत्रा हवाच असेल, तर मुलांत वावरलेला, स्वभाव कळलेला प्रौढ देशी कुत्रा दत्तक घेणे अधिक शहाणपणाचे. आणण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा, मुलासह दोन-चारदा त्याला भेटा.

पिटबुल आधीच घरात असेल, तर त्याला रस्त्यावर सोडून देऊ नका. तसे करणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि इतरांच्या मुलांना धोकाही. त्याची नसबंदी आणि लसीकरण करा, मुसक्याची सवय लावा, त्याच्यासाठी बंद होणारे फाटक असलेली जागा ठेवा. मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील, तेव्हा जागे आणि लक्ष देणारे मोठे माणूस तिथे हवेच. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना, आजारी असताना मुलाला जवळ जाऊ देऊ नका. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. गुरगुरणे बंद झाले तर तो न सांगता चावेल. कुत्र्याच्या बाबतीतल्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि कुठलाही कुत्रा चावला, घरचा असो वा दारचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. चाव्यातून रक्त आले असेल किंवा जखम चेहऱ्यावर असेल, तर इम्युनोग्लोब्युलिनही मागा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. वेळेवर घेतलेल्या लसीने तो जवळजवळ निश्चित टळतो.