एक शेगडी, एक कुकर आणि पूर्ण जेवण

पुणे, प्रतिनिधी - शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात एक शेगडी, एक कुकर, एक कढई आणि एक तवा एवढाच संसार असतो. रोज खाणावळीत जेवणे खिशाला परवडत नाही आणि अनामत रक्कम व भाडे भरल्यानंतर नव्या भांड्यांसाठी पैसे उरत नाहीत. मात्र पदार्थ शिजतो कसा, हे ध्यानात घेतले तर याच चार भांड्यांत दोन वेळचे पूर्ण जेवण तयार होऊ शकते.

कोंडलेल्या वाफेची करामत

उघड्या पातेल्यातील पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळते. आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान पुढे जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणूनच डाळ लवकर शिजते. दाब पूर्ण झाला की जादा उष्णता शिट्टीवाटे वायाच जाते. त्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करणे श्रेयस्कर. तळाशी पाणी व जाळी, त्यावर डाळीचा डबा, वर भाताचा आणि सर्वांत वर बटाटे असे रचल्यास एकाच आचेवर तीन पदार्थ होतात. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी. तेवढ्या वेळातही अन्न शिजतच असते.

नसलेल्या भांड्यांना पर्याय

मोदकपात्र नसल्यास पातेल्यात पाणी उकळून त्यावर पिठाची स्टीलची चाळणी ठेवावी व झाकण घालावे. कोथिंबीर वडी किंवा अळूवडीचे उंडे त्यात उत्तम वाफवले जातात. इडलीपात्राचे काम तेल लावलेल्या लहान वाट्या करतात. पीठ अर्ध्या वाटीपर्यंतच भरावे आणि कुकरची शिट्टी काढून ठेवावी. लाटणे नसेल तर स्वच्छ, गुळगुळीत काचेची बाटली चालते. भाकरी व थालीपिठाला तर लाटणे लागतच नाही.

भाजी करताना कढईवर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी घालण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे. ताटलीच्या गार तळाला वाफ लागून तिचे पाणी होते व ते पुन्हा भाजीत पडते. त्यामुळे भाजी करपत नाही आणि वरचे गरम झालेले पाणी गरजेनुसार भाजीत घालता येते.

खोलीवर इंडक्शन शेगडी असल्यास भांड्याच्या तळाला लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले तरच ते भांडे चालेल. साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही.

येथे काटकसर नको

कडधान्ये रात्रभर भिजवल्यास इंधन वाचते. राजमा मात्र भिजवलेले पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळायलाच हवा. अर्धकच्च्या राजम्यातील विषारी घटकामुळे उलट्या व जुलाब होतात. उरलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवू नये. त्यात जिवाणूंनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

कुकर दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. डाळ थेट कुकरमध्ये शिजवताना तो निम्माच भरावा, कारण फेसाने वाफेचा मार्ग तुंबू शकतो. शिट्टीवर वजन ठेवणे किंवा निकामी सुरक्षा झडपेच्या जागी काहीतरी ठोकून बसवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह २०२१ पासून बंधनकारक आहे. जुना कुकर घेताना हे चिन्ह पाहावे आणि त्याच कंपनीची नवी रिंग व झडप बसवून घ्यावी. लाटण्याऐवजी बाटली चालते, झडपेला मात्र पर्याय नाही.