राजकीय हिंसा आणि राज्यसंस्थेचे उत्तर : उत्तर आयर्लंडचा दाखला

राजकीय हिंसाचाराला राज्यसंस्था जे उत्तर देते, ते दोघांना उद्देशून असते : शस्त्र हाती घेतलेल्या लहानशा गटाला आणि त्या गटाभोवतीच्या, परंतु अद्यापि निश्चय न केलेल्या मोठ्या समाजाला. पहिल्यास जरब बसविण्याच्या भरात दुसऱ्यास गमावण्याचा प्रमाद अनेक राष्ट्रांच्या हातून घडला आहे. उत्तर आयर्लंडचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक होय.

९ ऑगस्ट १९७१ रोजी तेथील सरकारने विनाचौकशी स्थानबद्धतेचा अवलंब केला. (भारतीय वाचकांस १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यामुळे ही कल्पना अपरिचित नाही.) पहिल्याच दिवशी ३४२ जणांना पकडण्यात आले. पोलिसांच्या याद्या जुनाट होत्या. परिणामी चळवळीतून केव्हाच निवृत्त झालेली माणसे हाती लागली आणि सशस्त्र संघटनेचे अनेक पुढारी निसटले. त्याहून गंभीर गोष्ट पक्षपाताची. ब्रिटनशी संलग्न राहू इच्छिणारे सशस्त्र गटही हिंसाचार करीत होते. पण फेब्रुवारी १९७३ पर्यंत त्यांच्यापैकी कोणालाही स्थानबद्ध केले गेले नाही. डिसेंबर १९७५ मध्ये हा प्रयोग संपला, तेव्हा १,९८१ स्थानबद्धांपैकी त्यांची संख्या अवघी १०७ होती. कॅथलिक वस्त्यांना यातून कायद्याच्या निःपक्षपातीपणाविषयी काय बोध झाला असेल, हे सांगणे नको.

याच धोरणाच्या निषेधार्थ ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी येथे निघालेल्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी मरण पावले, एक नंतर. त्या वर्षीच्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी निर्दोष ठरविले. तो गोळीबार असमर्थनीय होता ही कबुली ब्रिटिश पंतप्रधानांकडून येण्यास २०१० साल उजाडावे लागले. १९७२ हे त्या संघर्षातील सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरले. सर्व दोष एकाच धोरणाच्या माथी मारता येणार नाही. तथापि त्याने हिंसा शमली, असे म्हणण्यास मात्र काडीचाही आधार नाही.

१० एप्रिल १९९८ च्या करारानंतरचे वर्तन याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. सार्वमतात उत्तरेतील ७१ टक्के मतदारांनी करारास संमती दिली. पुढे १५ ऑगस्टला करारविरोधी गटाने ओमा गावात स्फोट घडवून २९ जणांचे प्राण घेतले. सरकारने कायदे घाईघाईने कडक केले खरे. परंतु विनाचौकशी स्थानबद्धता पुन्हा आणली नाही, आणि मुख्य म्हणजे करार मोडला नाही. दोन्ही समाजांनी स्फोटाचा धिक्कार केला व त्या गटाला काही काळ तरी शस्त्रसंधी जाहीर करणे भाग पडले. शांततेचा पक्ष केवळ सौजन्यावर उभा नाही. हिंसक गटाचा सामाजिक आधार तोडणे हे तिचे व्यावहारिक बळ आहे.

या शांततेची किंमत मात्र सर्वांवर सारखी पडली नाही. करारान्वये चारशेहून अधिक कैदी मुदतीपूर्वी सुटले. त्यांत खुनाची शिक्षा भोगणारेही होते आणि मृतांच्या आप्तांना ते आपल्याच गावांत हिंडताना पाहावे लागले. बहुतेक कैदी २००० पर्यंत बाहेर आले. प्रमुख सशस्त्र संघटनेची शस्त्रे निकामी झाल्याची घोषणा झाली ती त्यानंतर पाच वर्षांनी.