आधी वही, मग दवाखाना

सहावीतला मुलगा महिनाभर रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. बालरोगतज्ज्ञ तपासतात, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतात. रविवारी मात्र पोट दुखत नाही. ‘नाटकं करतोय’ असा निकाल घरात लागतो आणि आणखी सहा महिने जातात. ते नाटक नसतं. मुलांची भीती आणि उदासी पुष्कळदा पोटदुखीतून, उडालेल्या झोपेतून, न उघडलेल्या डब्यातून बोलते.

असं दोन-तीन आठवडे चाललं, तर एक साधी वही घ्या. ‘मंगळवार. डबा तसाच परत. रात्री दीडपर्यंत जागा. गणिताच्या तासाला रडला, बाईंचा फोन.’ एवढंच लिहा. दहा मिनिटांच्या तपासणीत आई-बाबांना जे आठवत नाही, ते ही वही सांगते.

पुढचा गोंधळ असतो, जायचं कोणाकडे? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. ते निदान करून औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात; त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी. ती बेलाशक विचारा. समुपदेशक बोलून वाट दाखवतात. कोणाकडे जावं हे उमगत नसेल, तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. औषध सुरू झालं, तर ते मनानं बंद करू नका.

पैशांची अडचण असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीत जा. बोलणं उशिरा आलं, शिकण्यात अडचण दिसली, तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

दाखल करायची वेळ आलीच, तर हेही ठाऊक असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकांना सोबत राहता येतं. विमा कंपन्यांनीही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं हाच कायदा सांगतो.

‘मला जगायचं नाही’ हे वाक्य कानावर आलं, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मुलाला एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या कुलपात ठेवा, सरळ रुग्णालय गाठा. ‘मरावंसं वाटतं का?’ असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते.

आणि दवाखान्यात जाताना मुलाला खोटं सांगू नका. ‘तुला त्रास होतोय, तो कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे आपण दोघं जातोय,’ एवढं म्हणा. ताप आल्यावर आपण लाजत नाही. इथेही लाजू नका. सोमवारी ओपीडी उघडी असेल.