बंदराच्या वाटेचा खर्च
ठाणे-बेलापूर रस्त्यावर तळवली नाक्याशी उभे राहिले, की कंटेनर लादलेल्या ट्रेलरांची जी रांग न्हावा-शेव्याच्या दिशेने सरकताना दिसते, तिच्यासाठी लागणारे रस्ते बंदराच्या खजिन्यातून व्हावेत, की महामार्गाच्या, की सिडकोच्या, हा प्रश्न १९८९ साली तिथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून अटळच होता. त्यावर तजवीज अशी निघाली, की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, बंदर आणि सिडको या तिघांनी भांडवल घालून एक स्वतंत्र कंपनी स्थापिली व आम्र मार्गासह बंदराचे रस्ते तिच्या हवाली केले. तळवलीचा उड्डाणपूल मात्र मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) बांधला. नाक्यावरच्या ग्रामस्थाला दप्तर कोणाचे याची फिकीर नसते, आणि ते योग्यच! नव्या वाढवण बंदरातही सरकारी संस्थांची अशीच भागीदारी आहे: जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६.