कोण, कुठून आणि कशासाठी

“पासवर्ड बरोबर आहे हो मॅडम, परत परत तपासला.” डेटाबेसमध्ये लॉगिन होत नाही म्हणून येणाऱ्या फोनमध्ये हे वाक्य ठरलेलं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरी पुढची मागणी एकच: पासवर्ड बदलून द्या. मी तो लगेच बदलत नाही. बदलला की त्याच खात्यावर चालणारे दुसरे प्रोग्रॅम बंद पडतात, आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

आधी एररची पूर्ण ओळ मागवते. मायएसक्यूएलच्या १०४५ क्रमांकाच्या एररमध्ये ‘ॲक्सेस डिनाइड’नंतर युजरचं नाव असतं, मग तो कुठल्या मशीनवरून आला ते, आणि शेवटी ‘यूजिंग पासवर्ड’ लिहून त्यापुढे ‘येस’ किंवा ‘नो’. हा शेवट फारसं कुणी वाचत नाही. ‘येस’ म्हणजे पासवर्ड पाठवला गेला, इतकंच. ‘नो’ असेल तर प्रोग्रॅमने पासवर्ड पाठवलेलाच नाही. कॉन्फिग फाइल वाचली गेली नसेल किंवा तिथली जागा रिकामी असेल. अशा वेळी डेटाबेसमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नसतो.

सर्व्हर याहून जास्त सांगत नाही, ते मुद्दाम. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर बाहेरच्याला कायम ‘स्टेट १’ दाखवते. खरा आकडा सर्व्हरच्या लॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असं लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. नाव बरोबर होतं की पासवर्ड, हे घुसखोराला कळू नये म्हणून ही काळजी. म्हणून निदान करायचं ते लॉग उघडूनच.

मायएसक्यूएलमध्ये खातं नुसत्या नावाचं नसतं, नाव आणि ठिकाण मिळून एक खातं होतं. ‘लोकलहोस्ट’वरून येणारा ‘लेखा’ आणि कुठूनही येऊ शकणारा, म्हणजे टक्क्याचं चिन्ह लावलेला ‘लेखा’, ही दोन वेगळी खाती. दोघांचे पासवर्ड वेगळे, अधिकारही वेगळे. ॲप्लिकेशन नव्या मशीनवर हलवलं की काल चालणारं लॉगिन आज अडतं, त्याचं कारण अनेकदा इथेच सापडतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये तर आणखी एक खोच होती. बसवताना लोकलहोस्टसाठी बिननावाचं खातं आपोआप तयार व्हायचं. सर्व्हर खाती जुळवताना नेमकं ठिकाण असलेलं खातं आधी बघतो. त्यामुळे त्याच मशीनवरून ‘लेखा’ आला, आणि त्याचं खातं टक्क्याच्या चिन्हाचं असलं, तर तो जुळायचा त्या बिननावाच्या खात्याशी. मग पासवर्ड कितीही बरोबर असो, नकारच. आत शिरता येत असेल तर ‘युजर’ आणि ‘करंट युजर’ ही दोन फंक्शनं एकाच क्वेरीत चालवावीत. पहिलं सांगतं तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं सांगतं सर्व्हरने तुम्हाला कोण धरलं. दोन्ही उत्तरं वेगळी आली, की कुठल्या खात्याचे अधिकार लागू झाले ते कळतं.

२०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीने पासवर्ड पडताळण्याची डिफॉल्ट पद्धत बदलली, आणि जुन्या क्लायंट लायब्रऱ्या अडल्या. तेव्हा अनेकांनी खातंच जुन्या पद्धतीवर नेलं. २०२४ च्या ९.० मधून ती पद्धत काढूनच टाकली आहे. लायब्ररी अद्ययावत करणं हाच मार्ग.

लॉगिन झालं तरी काम होईलच असं नाही. पोस्टग्रेसमध्ये टेबलावर ‘सिलेक्ट’चा अधिकार दिलेला असतो आणि क्वेरी तरी अडते, कारण ते टेबल ज्या स्कीमात आहे तिचा ‘युसेज’ दिलेला नसतो. खोलीची किल्ली दिली, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद! याहून चकवणारी अडचण नव्या टेबलांची. ‘सगळ्या टेबलांवर वाचनाचा अधिकार’ दिला, तरी तो त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागू होतो. दर महिन्याला नवं टेबल बनवणारी यंत्रणा असेल तर अहवाल महिनाभर सुरळीत चालतो आणि एक तारखेला ‘परमिशन डिनाइड’ येतं. त्यावर ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ हा उपाय आहे. पण तो विशिष्ट रोलने, म्हणजे खात्याने, बनवलेल्या टेबलांपुरताच असतो. आदेश एका रोलसाठी दिला आणि टेबलं दुसरा रोल बनवतो, तर काहीच बदलत नाही. म्हणून मी पहिल्यांदा टेबलाचा मालक कोण ते बघते.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, “सुपरयुजर करून टाका ना, संपला विषय.” याला माझा ठाम नकार असतो. ज्या प्रोग्रॅमला फक्त वाचायचं आहे त्याच्या हाती पुसायचा अधिकार दिला, तर त्यातली एक चुकीची क्वेरी लोकांच्या वर्षभराच्या नोंदी घालवू शकते. तो डेटा कुणाच्या तरी पगाराचा, औषधांचा, परीक्षेच्या निकालाचा असतो. अधिकार दिल्यावर तपासणीही ॲडमिनच्या खात्यातून करायची नाही. ‘सेट रोल’ करून त्याच रोलने वाचून बघायचं, आणि चाचणीच्या डेटाबेसवर पुसायचा प्रयत्न करून तो अडतो ना, हेही बघायचं.

कर्मचारी नोकरी सोडतो, त्याचं खातं नियमाप्रमाणे काढलं जातं, आणि मायएसक्यूएलमधले काही व्ह्यू १४४९ ही एरर देऊन बंद पडतात. ते त्याच्या नावाने, त्याच्या अधिकारांवर चालत होते. म्हणून खातं काढण्याआधी ‘इन्फर्मेशन स्कीमा’त व्ह्यू, रूटीन, ट्रिगर आणि इव्हेंट यांचे ‘डिफायनर’ तपासावेत, आणि ते माणसाऐवजी त्या कामासाठीच बनवलेल्या खात्याच्या नावावर करून घ्यावेत.